जोरात उभं राहण्याचे दुष्परिणाम

स्प्लिट,
१३ डिसेंबर, संत लुसियाचा दिवस, दुपार. बाहेर युगो वारा, आत मी.

तीर्थरूप पेरिनाआत्यास,

तुझ्या धाकट्या भावाच्या थोरल्या मुलाचा, म्हणजे याक्शाचा, वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी जितकं वाकायची परवानगी दिली आहे तितकंच वाकलोय. उरलेला नमस्कार बाकी धर, वसंतात पुरा करतो.) तुझी तब्येत कशी आहे? ब्लडप्रेशर काय म्हणतंय? तिकडे व्हिस बेटावर, कोमिझात, गारठा पडला का? मांजरीचा डोळा बरा झाला का? आणि तुझ्या भिंतीवरच्या केपरच्या कळ्या तोडणारी ती शेजारीण अजून तिथेच आहे, की तू म्हणाली होतीस तसं तिला एकदाचं सरळ केलंस? तू या वयात द्राक्षमळ्याची चढण रोज चढून उतरतेस हे इथे मला रोज ऐकवलं जातं. तेव्हा एक विनंती, निदान हिवाळाभर तरी घरात बस. माझी फार पंचाईत होते.

इकडे सगळे ठीक आहेत. नेवेन्का ठीक आहे, छप्पर ठीक आहे, बंदरावरची तिकिटाची खिडकी आणि तिच्यामागची माझी खुर्ची ठीक आहे. एकट्या माझ्या उजव्या गुडघ्याचं मत वेगळं आहे. अक्षर हललेलं दिसेल, त्याला कारण वय नाही आणि दारूही नाही. मी सायकलवर बसून लिहितोय. घाबरू नकोस, ही सायकल कुठेच जात नाही. नेवेन्कानं तीन वर्षांपूर्वी वजन उतरवायला घेतली होती आणि तेव्हापासून तिच्यावर चादरी वाळत होत्या. आता चादरी माझ्या खुर्चीवर वाळतात आणि मी सायकलवर. समोर खिडकी, खिडकीत समुद्र. मी तासभर पाय मारतो, समुद्र तिथेच असतो. तुरुंगातल्या माणसाला निदान भिंत तरी बघायला मिळते गं, त्याला असं चिडवत कोणी नाही.

आता मूळ प्रकरण. तुझ्या कानावर आलं असेल की मला खेळताना दुखापत झाली. ती बातमी मीच पसरवली आहे. खरं काय ते फक्त तुला सांगतो, आणि तू ते कोमिझाच्या बाहेर जाऊ देऊ नकोस (कोमिझात सांगितलंस तरी चालेल, तिथल्या लोकांना तसंही काहीतरी हवंच असतं). सप्टेंबरात एका शुक्रवारी नेवेन्का तारल्या तळत होती. एक तारली ताटातून खाली पडली. मी उचलायला वाकलो. तारली उचलली गेली, मी नाही उचललो गेलो. शाळेत असल्यापासून ज्या गुडघ्यावर मी बाच्वित्सेच्या उथळ पाण्यात उड्या मारल्या, लोकांच्या टाळ्या घेतल्या, तो एका तळलेल्या माशापुढे टेकला. आतली चकती फाटली होती. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. भूल उतरली आणि पहिला विचार मनात आला तो नेवेन्काचा नव्हता, नोकरीचा नव्हता, देवाचा तर नव्हताच. पहिला विचार आला, एक जानेवारी.

तुला सांगायला नको. नववर्षाच्या सकाळी अख्खं शहर काठावर जमतं, हातात गरम वाइन, अंगात कोट, आणि आम्ही पाच जण चड्डीवर पाण्यात पिचिगिन खेळतो. माझे बाबा खेळले, त्यांच्या जागी मी आलो. आमच्या कोंडाळ्यात जागा सुटते ती माणूस मेला तरच, किंवा लग्न करून झाग्रेबला गेला तर, आणि दोन्हीला आमच्यात एकच शब्द वापरतात. एका नववर्षाला तुम्ही काठावर दिसलात की पुढल्या वर्षी लोक तुमच्या हातात आपापले कोट देतात. मला कोट धरायचे नव्हते.

पहिले काही आठवडे घरचे व्यायाम. पलंगावर आडवं पडून पाय सरळ उचलायचा, हवेत धरायचा, खाली ठेवायचा. टाच ओढत जवळ आणायची, लांब न्यायची. मांडीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्यानं दाबायची. दाबायची म्हणजे काय, टॉवेलला तरी कळतं का आपण दाबले गेलो ते? धावायचं नाही, उडी नाही, वळायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. सांध्याला धक्का बसेल असं काहीच नाही. हे सगळं कुठे सांगतायत तर स्प्लिटमध्ये! इथे रोमन बादशहा राज्य सोडून कोबी लावायला आला, तेव्हापासून या शहरानं कशालाच धक्का लावलेला नाही. सकाळी एक कॉफी घेऊन माणूस दुपारपर्यंत बसतो आणि उठताना दमलो म्हणतो. कोणी घाईत दिसला की दहा जण ओरडतात, ‘पोमालो, पोमालो!’ जरा दमानं घे. आयुष्यभर मी ते दमानं घेतलं, कारण तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलंय तर माझ्या अंगाला मुंग्या आल्यात. मी कपाटं आवरली. चमचे लांबीनुसार लावले. नेवेन्काच्या फोनवरच्या बोलण्यात दुरुस्त्या सुचवल्या. आज सकाळी ती संत लुसियाचे गहू बशीत पेरत होती, नाताळपर्यंत उगवावेत म्हणून. मी दर थोड्या वेळानं जाऊन बघत होतो.

‘काय बघतोस?’

‘उगवले का?’

‘याक्शा, सकाळी पेरलेत. त्या गव्हाकडून काही शीक. बघ कसा गप पडलाय.’

पण मी पुढे आलो. मधलं सांगायचंय. आमच्या डॉक्टर स्नेझानाबाई ओसियेकच्या. सपाट मुलूख, नदी, मका, डुकरं. बाई हुशार आहेत, हात हलका आहे, पण समुद्र त्यांनी सुट्टीत पाहिलेला. ऑपरेशननंतरच्या तपासणीला मी गेलो. गुडघा वाकवून, दाबून झाल्यावर त्या म्हणाल्या, आता हळूहळू शरीर हलवायला हवं, नाहीतर मांडी वाळेल. खेळता का काही?

‘पिचिगिन,’ मी म्हणालो.

‘ते काय असतं?’

‘काही नाही हो. पाच जण पाण्यात उभे राहतात.’

‘किती पाण्यात?’

‘घोट्याएवढ्या. फार तर पोटरी.’

‘आणि उभं राहून काय करतात?’

‘एक छोटा चेंडू असतो. तो पाण्यात पडू द्यायचा नाही. तळहातानं दुसऱ्याकडे सारायचा.’

‘समोर दुसरा संघ असेल.’

‘नाही. सगळे एकाच बाजूचे.’

‘मग जिंकतं कोण?’

‘कोणीच नाही. गुण नसतात. वेळ संपली की कॉफी प्यायला जातो.’

‘पळापळ?’

‘पाण्यात कोण पळतं?’

‘साधारण काय वयाची माणसं?’

‘आमच्यात एक आहेत ते ऐंशीच्या घरातले.’

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, अहो, अगदी असंच काहीतरी हवं होतं मला! जरूर जा. उद्यापासून जा.

आत्या, देवाशपथ सांगतो, मी एक अक्षर खोटं बोललो नाही. स्प्लिटमधल्या कुठल्याही माणसाला विचार, बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला विचार, पिचिगिन म्हणजे काय, तो हेच सांगेल. उभं राहायचं. आता चेंडू कधी कधी हाताला पोचत नाही आणि मग माणसाला आडवं होऊन हवेतून त्याच्याकडे जावं लागतं, हे खरं. पण तो काही खेळाचा भाग नाही. तो चेंडूचा दोष आहे. इथे कोणी उडी धरतच नाही हिशोबात, श्वास धरतो का आपण?

तेव्हा मी दुसऱ्या दिवशी, अंगावर पदक लावल्यासारखा, बाच्वित्सेला गेलो. ऑक्टोबरचं कोवळं ऊन, समुद्र आरशासारखा. कोंडाळं जमलेलं. बेपो होता (तोच, ज्याच्या लग्नात तू केकवरची बाहुली खाल्लीस), फ्राने होता, मधे लोव्रेकाका आपल्या जागी. लोव्रेकाका आमचा नांगर. नांगर म्हणजे जो जागचा हलत नाही. बाकीचे पाणी उडवत इकडून तिकडे झेपावतात आणि तो एका ठिकाणी पाय रोवून, चेंडू आला की नुसता तळहात पुढे करतो, आणि चेंडू गुमान जिथे हवा तिथे जातो. आणि माझ्या जागी, आत्या, माझ्या बाबांच्या जागी, कोण असावा? माझा साडू. झ्लात्को. नेवेन्काच्या धाकट्या बहिणीचा झाग्रेबचा नवरा. डोक्याला पट्टी, मनगटाला पट्टी, आणि चेंडू पडला की दर वेळी म्हणायचा, ‘सॉरी!’ कोणाला म्हणतोस? समुद्राला?

‘आला रे, तारलीवाला आला!’ बेपो ओरडला. (नेवेन्का. दुसरं कोण सांगणार.)

मी डॉक्टरांची परवानगी आहे असं जाहीर केलं. झ्लात्को पाण्याबाहेर आला, सॉरी म्हणाला, आणि मी आत शिरलो. सुरुवातीला मी इतका सुरेख उभा राहिलो की स्नेझानाबाईंनी बघायला हवं होतं. चेंडू आला, सारला. आला, सारला. मग बेपोनं एक चेंडू मारला, जरासा खाली, जरासा लांब, आणि फ्रानेनं आरोळी दिली, ‘तुझा!’ आता स्प्लिटमधल्या माणसाला कोणी ‘तुझा’ म्हटलं की त्याचं शरीर त्याचं राहत नाही. घर सोडेल, बायको सोडेल, पण चेंडू सोडणार नाही. मी हवेत होतो. हवेत असताना मला बराच वेळ मिळाला. आपण सुंदर दिसत असणार असा विचार केला. काठावरच्या दोन जर्मन म्हाताऱ्यांनी कॅमेरा काढलेला दिसला. मग मी खाली आलो, आणि गुडघा माझ्यानंतर थोड्या वेळानं, वेगळ्या दिशेनं आला. चेंडू? लागला. म्हणजे वर गेला. तेवढं मी ऑपरेशन थिएटरच्या दारातसुद्धा विचारलं असतं, पण तिथवर वेळ आली नाही.

स्नेझानाबाईंनी कलिंगडासारखा झालेला गुडघा बघितला.

‘हे काय?’

‘उभा होतो.’

‘नुसते?’

‘जरा जोरात उभा राहिलो.’

त्यांनी गुडघ्यावर बर्फ बांधला. रविवारी स्वतः बाच्वित्सेला आल्या. मला शेजारी भिंतीवर बसवलं आणि खेळ बघत राहिल्या. त्या दिवशी झ्लात्को अंगात आल्यासारखा खेळत होता. फ्राने एकदा पूर्ण आडवा गेला. बेपो पाठीवर पडला, उठला, पुन्हा पडला. बाईंनी विचारलं, ही माणसं नक्की काय करतायत? मी म्हणालो, उभी आहेत. अगदी मनापासून म्हणालो. तोवर मला खरंच दिसलं नव्हतं गं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ज्या रुग्णाचा गुडघा तपासला त्याचं डोकं तपासायचं राहून गेलं. मग बोट दाखवून म्हणाल्या, ‘उभे आहेत ते फक्त ते आजोबा. बाकीची विमानं आहेत. त्या आजोबांच्या जागी, त्यांच्यासारखं, एक पाऊलही न उचलता उभं राहणार असाल तर नववर्षाला माझी हरकत नाही. पण त्यासाठी मांडीत ताकद लागते, आणि तुमची मांडी आता माझ्या मनगटाएवढी आहे. उद्यापासून पाण्यात चालायचं. छातीएवढ्या पाण्यात. तिकडे त्या बायका चालतात ना, त्यांच्याबरोबर.’

आत्या, त्या बायका तुला माहीत आहेत. तू इथे असतीस तर त्यातली एक असतीस. डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर चष्मे, ओठांना लिपस्टिक, मानेपर्यंत पाण्यात, बारा महिने, आणि तोंडं अखंड चालू. लांबून बघितलं तर समुद्रात कोणीतरी फुलकोबीचा मळा लावलाय असं वाटतं आणि तो मळा एका सुरात कोणाची तरी सून चघळतोय. त्यांची म्होरकी दिन्काकाकू, नवरा बोटीवर इंजिनिअर होता ती. तिनं मला पहिल्या दिवशी नखशिखांत न्याहाळलं.

‘पिचिगिनवाले का तुम्ही? उड्या मारणारे?’

‘हो.’

‘इथे उड्या मारायच्या नाहीत. केस भिजतात आमचे. मागे चल, शेवटी. आणि पोट आत.’

त्या क्षणी ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला तो आजवर. मला वाटलं होतं, बायकांबरोबर पाण्यात चालायचं, त्यात काय? एक शीळ घालत करीन. तिसऱ्या फेरीला माझी शीळ बंद पडली. पाणी छातीला असलं की वजन कळत नाही, सांध्याला धक्का नाही, दुखत नाही, सगळं कसं लोण्यासारखं. फक्त पुढे जाता येत नाही. मी दात खाऊन पाय ओढत होतो आणि शेजारून एक सत्तरीची बाई, गुडघ्यांत दोन्ही वाट्या बदललेली, आपल्या विहिणीच्या वाटणीची कहाणी सांगत सांगत मला मागे टाकून गेली. परतताना पुन्हा टाकून गेली. तोवर कहाणी कोर्टात पोचली होती. मग दिन्काकाकूच्या हुकमानं उलटं चालणं, मग आडवं चालणं खेकड्यासारखं, मग जागेवर गुडघा वर, खाली, मग पाण्याखाली सायकल. आणि हे सगळं शंभर पावलांवरून माझं कोंडाळं बघतंय! बेपो रोज ओरडायचा, ‘याक्शा, विणकाम आणलंस का?’ मी उत्तर द्यायचो नाही. दिन्काकाकू द्यायची. बेपोच्या आईचं लग्नाआधीचं सगळं तिला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी बेपो गप झाला.

आता तुला वाटेल मी रमलो. नाही. मी तिथे तळमळत होतो. डोळे सगळे त्या चेंडूवर. तिकडून ‘तुझा!’ ऐकू आलं की इकडे माझा खांदा पाण्याखाली आपोआप पुढे जायचा आणि शेजारच्या बाईला लागायचा. (तिनं तो भलत्याच अर्थानं घेतला आणि दोन दिवस जास्त लिपस्टिक लावली. पुढे गैरसमज दूर झाला. तिला वाईट वाटलं, मला त्याहून.) नोव्हेंबरात बोरा वारा आला, पाणी गारठलं, आठवड्याला एक तरी टोपी उडाली, पण एक बाई घरी बसली नाही, म्हणून मलाही बसता आलं नाही. आणि हळूच एक गोष्ट घडू लागली, ती मी कोणाला सांगितलेली नाही. जिना उतरताना मी कठडा धरायचा विसरलो. तिकिटाच्या खिडकीत उभं राहून एका बाईशी वाद घातला आणि वाद संपल्यावर लक्षात आलं की मी उभा होतो. मांडी भरली. स्नेझानाबाईंनी परवा टेप लावून मोजली आणि म्हणाल्या, ‘बघा. उडी न मारतासुद्धा माणूस पुढे जातो.’ सपाट मुलखातली माणसं असंच बोलतात.

मग गेल्या रविवारी बेपो घरी आला. हातात चिलगोज्यांची मिठाई, म्हणजे बातमी वाईट. बसला, कॉफी प्याला, गहू कधी पेरणार विचारलं. मग म्हणाला, ‘हे बघ याक्शा, एक तारखेचं ठरलंय. झ्लात्को तुझ्या जागी. तसा बरा खेळतो रे, सॉरी सोडलं तर. नांगर लोव्रेकाका आहेतच. तू काठावर ये ना. आमचे टॉवेलचे झगे धर. तुझ्यासारखा विश्वासू माणूस कुठे मिळणार?’

विश्वासू! नेवेन्का स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझं तोंड बघितलं, आणि बेपोला म्हणाली की याक्शाच्या व्यायामाची वेळ झाली. मी सायकलवर चढलो आणि बेपो जाईपर्यंत इतक्या जोरात पाय मारले की तिचा एक स्क्रू निघाला. नांगराची जागा सोडली तर कुठलीच जागा मला चालणार नाही, आणि नांगराच्या जागी लोव्रेकाका माझ्या लहानपणापासून उभे आहेत. हल्ली एखादा चेंडू त्यांच्या हाताखालून निसटतो. तेव्हा सगळे समुद्राकडे बघतात. त्यांना ‘हला’ म्हणणारा माणूस स्प्लिटमध्ये जन्माला यायचाय.

असो. मी आता शांत झालो आहे. खेळच तो, ज्यात कोणी जिंकत नाही त्यात मी काय हरणार? एक तारखेला मी सकाळी उठेन, दाढी करीन, काठावर जाईन, झगे धरीन आणि झ्लात्कोसाठी टाळ्या वाजवीन. माणसाला कुठेतरी थांबता आलं पाहिजे. आता माझं मन त्या बशीतल्या गव्हासारखं झालंय. तेव्हा तू माझी अजिबात काळजी करू नकोस, जप तब्येतीला, चढणीवर काठी ने. नेवेन्काचा नमस्कार.

तुझा (आणि डॉक्टरांचाही) आज्ञाधारक भाचा,
याक्शा

ता. क. केपर खारवलेले असतील तर एक बरणी बोटीच्या कोणाबरोबर तरी पाठव. इथले चिकट असतात.

ता. क. दुसरा. आत्या, एक लहानशी गोष्ट. लोव्रेकाका महिन्यातून दोनदा माझ्या खिडकीशी येतात. तिकीट कधीच काढत नाहीत. ‘व्हिसची बोट वेळेवर आहे का?’ विचारतात, मी हो म्हणतो, मग ते म्हणतात, ‘तिकडे पेरिना बरी आहे ना?’ आणि जातात. हे किती वर्षं चाललंय तुला सांगत नाही, तू लाजशील. तर माझ्या मनात असं आलं, की तू त्यांना एक फोन करावास. वर्षाच्या शेवटच्या रात्री जेवायला बोलवावंस. तुझं ते खाऱ्या माशाचं कालवण कर. ते पोहत येतील. मुक्काम होईलच, कारण रात्री बोट नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीनं निघाले तरी बाच्वित्सेला पोचेपर्यंत खेळ उरकलेला असेल. (वेळापत्रक माझ्या हातात असतं, खात्री करून सांगतोय.) मग ऐन वेळी कोंडाळ्याला नांगर लागेल, आणि काठावर, चड्डी आतून घालून, झगे धरून, योगायोगानं मी असेन. एकाच दिवसाचा प्रश्न आहे. यात कोणाचं नुकसान नाही. तुला तर सोबतच होईल. शांत झालो आहे असं वर लिहिलंय ते खरंच आहे, पण सायकलचा स्क्रू अजून सापडलेला नाही.

ता. क. तिसरा, दुसऱ्या दिवशी, खिडकीतून, घाईत. पाकीट बंद केलं होतं, ते फोडलं. आज सकाळी लोव्रेकाका आले. मागे व्हिसच्या बोटीची रांग. मी सवयीनं म्हणालो, वेळेवर आहे, आणि आत्या बरी आहे. ते हलेनात.

‘गुडघा काय म्हणतो?’

‘बरा आहे.’

‘माहीत आहे. रोज बघतो मी. शेवटी होतास, आता त्या बायकांच्या रांगेत मधे आलायस. एक तारखेला तू उभा राहा.’

‘कुठे?’

‘माझ्या जागी, गाढवा. माझा खुबा गेलाय. उन्हाळा सरला की बाहेर पडणार होतो. तेवढ्यात तू तारली उचललीस.’

‘मग थांबलात कशाला, काका?’

‘जागा रिकामी केली असती तर बेपोनं कोणाला तरी आणून उभं केलं असतं. आणि एकदा उभा राहिलेला माणूस हलत नाही. मी हललो का?’ रांगेतला कोणीतरी ओरडला. काकांनी मागे न बघता ‘पोमालो!’ म्हटलं. ‘बेपोला मी सांगितलंय. तुला सांगायला नको म्हणालो होतो, मांडी भरेपर्यंत. तू आधीच उडी मारली असतीस.’

‘आणि तुम्ही?’

‘मी घरी. खिडक्या लावून. लोकांचे कोट धरायला मी काही कोणाचा साडू नाही.’

आणि गेले. उजवा पाय ओढत. गेले तीन महिने ते तसे चालत असणार, आणि मी माझ्या गुडघ्याकडे बघत होतो.

तेव्हा दुसरा ता. क. रद्द समज. वाचला असशील तर विसर, आणि विसरता आला नाही तर त्यांना कधी सांगू नकोस. पत्र नव्यानं लिहायला हवं होतं, पण नेवेन्का म्हणाली, तसंच पाठव, तुझी आत्या तुला ओळखते. त्यांना तिकडे बोलावू नकोस. तूच इकडे ये, एकतीसच्या दुपारच्या बोटीनं. मी बंदरावर येतो. एक तारखेला सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहा आणि सांग की मला बाच्वित्सेला ने. तुला ते नाही म्हणणार नाहीत, आणि तू शेजारी असताना त्यांच्या हातात कोट द्यायची कोणाची छाती होणार नाही. नक्की ये, आत्या. मला आयुष्यभर उडीच मारता आली आहे. नुसतं उभं कसं राहायचं ते मी कधी शिकलो नाही, आणि ‘तुझा!’ अशी आरोळी आली की मला जागेवर ठेवायला काठावरून एक शिवी यावी लागेल. ती फक्त लोव्रेकाकांनाच देता येते.